सव्वादोनशे वर्षांचा कायदा, अजून चालू

मार्च २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी शंभरावर व्हेनेझुएलन पुरुषांना विमानाने एल साल्वाडोरच्या तुरुंगात धाडलं. त्यासाठी वापरलेला कायदा झाला तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता.

साल १७९८. अमेरिकेचं फ्रान्सशी युद्ध पेटणार अशी हवा होती. सत्तेतल्या फेडरलिस्ट पक्षाला फ्रेंच हेरांची धास्ती होती आणि विरोधकांना मतं देणाऱ्या आयरिश स्थलांतरितांचीही. (दुसरी धास्ती जास्त खरी असावी.) अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या सहीने चार कायदे झाले. नागरिकत्वासाठी पाचऐवजी चौदा वर्षं राहण्याची अट आली, सरकारविरुद्ध जहाल लिहिणं गुन्हा ठरलं. या गुन्ह्याखाली पहिल्यांदा सापडले व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन, जे स्वतःच आयर्लंडहून आलेले. चार महिने कैद, हजार डॉलर दंड. गड्याने कोठडीतूनच पुढची निवडणूक जिंकली!

त्यातले तीन कायदे चार वर्षांत गेले. शत्रुदेशाच्या नागरिकांविषयीचा चौथा तेवढा राहिला, कारण त्याला मुदतच घातली नव्हती. युद्ध पुकारलं गेलं किंवा आक्रमण झालं, की शत्रुदेशाच्या चौदा वर्षांवरच्या माणसाला गुन्हा सिद्ध न करताच धरता येतं, हाकलता येतं.

दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केल्यावर जपानी, जर्मन, इटालियन नागरिकांची धरपकड याच कायद्याने झाली. पण अमेरिकेत जन्मलेल्यांना तो लागू होत नव्हता. मग अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ला वेगळा आदेश काढला. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक छावण्यांत गेले, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक.

ऑकलंडमध्ये जन्मलेला वेल्डर फ्रेड कोरेमात्सू गेला नाही. ओळखू येऊ नये म्हणून त्याने पापण्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली, नाव बदललं, तरी मे महिन्याच्या अखेरीस पकडला गेला. १९४४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्याची शिक्षा कायम केली. विरोधात गेलेले न्यायमूर्ती जॅक्सन यांनी बजावलं, की हे तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहील, निकडीचं कारण सांगणाऱ्या कुणाच्याही हाती लागेल.

१९८३मध्ये शिक्षा रद्द झाली, कारण सरकारने आपल्याच गुप्तचरांचे अहवाल न्यायालयापासून दडवले होते. १९८८मध्ये हयात असलेल्यांना प्रत्येकी २० हजार डॉलर आणि माफी मिळाली. गंमत बघा: २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरेमात्सू निकाल चूक होता असं म्हटलं, ते ट्रम्प यांची काही देशांच्या नागरिकांवरची प्रवासबंदी सुरक्षेच्या कारणावरून उचलून धरताना, त्याच निकालपत्रात.

मधल्या काळात, ११ सप्टेंबर २००१नंतर, पॅट्रियट कायद्याने पाळतीचे अधिकार वाढवले, आणि २००३मध्ये स्थलांतराचा कारभार न्याय खात्याकडून नव्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे गेला.

२०२५मध्ये युद्ध पुकारलेलं नव्हतं. व्हेनेझुएलातल्या एका टोळीचा शिरकाव म्हणजेच आक्रमण, असा सरकारचा दावा. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हाकलण्याआधी नोटीस द्या, कोर्टात जायला वेळ द्या. 'आक्रमण' म्हणजे काय, या प्रश्नाला मात्र तेव्हा हात लावला नाही.