साबुदाणा: नाव झाडाचं, दाणा कंदाचा

आषाढीच्या आदल्या रात्री घरोघरी जो साबुदाणा भिजत पडतो, त्याचा साबुदाण्याच्या झाडाशी काडीचाही संबंध नाही. तो टॅपिओकाच्या कंदाचा असतो आणि बहुतेक सगळा तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास तयार होतो. झाडाचं नाव कंदाला कसं चिकटलं, हा या दाण्याच्या इतिहासातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग.

‘साबु’ आला मलायी ‘सागू’वरून. मलाया आणि इंडोनेशियाच्या बेटांवर सागूचा माड दलदलीत वाढतो. तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो, म्हणून फुलोऱ्याच्या आधीच तोडायचा, खोड फोडायचं, आतला गर किसून धुवायचा आणि तळाशी बसलेलं सत्त्व घ्यायचं. त्याचे गोल दाणे वळून १९व्या शतकात सिंगापूरहून जगभर जात. आपल्याकडे आजाऱ्याच्या पथ्याला पेज म्हणून चालायचा तो हा साबुदाणा. तमिळमध्ये त्याला जव्वरिसी म्हणतात, म्हणजे ‘जावा’ अधिक ‘अरिसी’, जावाचा तांदूळ. माल परदेशी आहे हे तमिळ नावानं तरी लपवलं नाही.

टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो केरळात आला, आणि १८८०च्या दशकात त्रावणकोरच्या महाराजांनी त्याची लागवड वाढवली ती गरिबाच्या पोटाला आधार म्हणून. त्यानंतर १९४२ साली ब्रह्मदेश आणि मलाया जपान्यांच्या ताब्यात गेले. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद, सिंगापूरचा साबुदाणाही बंद. सेलमला १९४३च्या सुमाराला कंदाच्या सत्त्वाचे दाणे वळायला सुरुवात झाली. तिथला एक व्यापारी आणि पेनांगहून आलेले, तिकडची रीत माहीत असलेले एक गृहस्थ यांनी मिळून हा उद्योग उभा केला, असं सांगतात. युद्धकाळातच, माणसांच्या तोंडचा कंद कारखान्यात जातो म्हणून प्रशासनानं त्यावर बंदीही घातली होती. ती पुढे उठली. १९८१ साली उत्पादकांची सहकारी संस्था झाली आणि निविदा पद्धतीनं विक्री सुरू झाली. २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मधल्या काळात प्रश्न होता तो नावाचा. कंदापासून केलेल्या दाण्याला साबुदाणा म्हणावं, की ती भेसळ समजावी? कायद्यानं शेवटी दोन्ही एकाच व्याख्येत बसवले: सागूच्या माडाच्या किंवा टॅपिओकाच्या सत्त्वाचे कडक गोल दाणे म्हणजे साबुदाणा, आणि राख ०.४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. निर्णय व्यवहाराला धरून होता. शिजवणाऱ्याला दाणा गोल, पांढरा आणि पिठूळ असला म्हणजे झालं. पण त्यामुळे पाकिटावर कंदाचं नाव यायची गरजच उरली नाही आणि दोन पिढ्या ‘हे कुठल्या झाडाला लागतं?’ हाच प्रश्न विचारत राहिल्या. कंदाचं नाव पुढे आलं असतं तर उपवासाचा वादही लवकर मिटला असता. उपवासाला धान्य चालत नाही, कंद चालतो, मग साबुदाणाही चालायलाच हवा. शुद्धतेवर हटून बसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि राजगिरा ही सगळीच मंडळी अमेरिका खंडातली. ताटात इथले म्हणावेत असे वरी आणि शिंगाडा.

दाणा कसा तयार होतो हे कळलं की खिचडी का बिघडते तेही कळतं. कंद सोलून किसतात, दुधाळ पाणी गाळून हौदात ठेवतात, तळाशी सत्त्व बसतं. त्या ओलसर वड्या फोडून भुगा हलत्या झोळीत घोळवला की गोळ्या वळतात. मग त्या तेल पुसलेल्या तापलेल्या पत्र्यावर थोडा वेळ परततात आणि सिमेंटच्या अंगणात उन्हात वाळवतात. परतताना बाहेरचा थर शिजतो, आतलं सत्त्व कच्चं राहतं. खिचडीचा दाणा हाच. वाफेवर आरपार शिजवलेला, काचेसारखा दिसणारा तो नायलॉन साबुदाणा. तो तळून चिवड्यात फुलतो, खिचडीत मात्र त्याचा नेम नसतो. दाणा फार पांढराशुभ्र असेल तर तो रसायनानं उजळलेला असू शकतो, किंचित मळकट बरा.

१ वाटी साबुदाणा पाणी स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे ३-४ वेळा धुवावा. पिशवीतला फुटक्या दाण्यांचा भुगा धुतला गेला नाही तर कढईत त्याचीच खळ होते. दाणे जेमतेम बुडतील इतकं पाणी ठेवून तासाभरानं उरलेलं निथळावं आणि झाकून ५-६ तास ठेवावं. दाणा बोटात चिरडला की आत टणक ठिपका लागता कामा नये. लागला तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबावं, कढईत पाणी घालून ती कसर भरून निघत नाही. मग पाऊण वाटी भरड कूट, मीठ आणि चमचाभर साखर दाण्यांना कोरडंच चोळावं. कुटातलं तेल दाण्याभोवती बसतं आणि दाणे मोकळे राहतात. ३ चमचे तुपात जिरं आणि ४ हिरव्या मिरच्या घालून बटाट्याच्या फोडी आधी पूर्ण शिजवून घ्याव्यात, कारण साबुदाणा पडल्यावर बटाट्याला वेळ मिळत नाही. साबुदाणा घालून मंद आचेवर २-२ मिनिटांच्या दोन वाफा. दाणे पारदर्शक दिसू लागले की गॅस बंद. तिसरी वाफ काढली की गोळा होतो. ही खिचडी गार झाल्यावर कडक होतेच, सत्त्वाचा तो स्वभावच आहे. गरम करताना दुधाचा हबका मारून झाकण ठेवलं की पुन्हा मऊ पडते.