भुतावळ, कोकणातील

कोकण किनाऱ्यावरच्या लोकसमजुतींत वावरणाऱ्या भुताखेतांच्या समूहाला भुतावळ म्हणतात. मुंजा, समंध, हडळ, जखीण, लावसट, गिऱ्हा, झोटिंग, खवीस, देवचार, चकवा आणि या सगळ्यांचा राजा वेताळ ही त्यातली ठळक मंडळी. कोकणातले भूत बिननावाचे किंवा बिनघराचे क्वचितच सापडते. ते मेले कसे, त्याचे काय राहून गेले, कोणत्या झाडावर त्याचा मुक्काम, किती वाजता बाहेर पडते, काय खाते आणि कशाला भिते, हे सगळे गावाला ठाऊक असते. भूत आहे की नाही यावर वाद होतील. ते कुठे बसते यावर सहसा होत नाहीत.

पूर्वकथा

भुताचा प्रकार ठरतो तो मरणाच्या वेळी माणसाचा कोणता संस्कार अर्धा राहिला होता यावरून. मुंज झाली, पण सोडमुंज (ब्रह्मचर्य संपवण्याचा संस्कार) होण्याआधी मुलगा गेला, तर तो मुंजा. त्याचे घर पिंपळावर. वयाने तो बटूच राहतो, म्हणून खोड्याही त्याच वयाच्या: कौलांवर दगड टाकणे, एकट्यादुकट्याच्या मागे लागणे, हाक मारून लपणे. पिंपळाचीच मुंज लावण्याची चालही जुनी आहे. झाड आणि बटू यांची सांगड भुताच्या गोष्टींपुरती नाही.

वारस नाही, क्रियाकर्म करणारा कोणी नाही आणि जीव मात्र पुरून ठेवलेल्या हंड्यात अडकलेला, असा माणूस समंध होतो. ब्राह्मण असेल तर ब्रह्मसमंध. विद्येचा ताठा ज्याला नडला तो ब्रह्मराक्षस. समंधाला खोड्या काढायला वेळ नसतो, त्याची नोकरी चोवीस तासांची: धनाची राखण. कुणी जागा खणायला गेले की तो मानगुटीवर बसतो. न टळणाऱ्या माणसाला आजही मराठीत समंधाचीच उपमा देतात.

बायकांच्या बाबतीत ही वर्गवारी जास्त बारीक आहे, आणि तिच्यातली भीती भुतांची नाही. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत किंवा विटाळात गेलेली बाई हडळ होते. बाळंतपणातच गेलेलीला अलवंतीण असेही नाव आहे. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. जिवंतपणी कपाळावरच्या कुंकवावरून जी ओळख होती, ती मेल्यावरही सुटत नाही. ‘जखीण’ हा शब्द ‘यक्षिणी’वरून आला. कुबेराच्या दरबारातली देखणी यक्षिणी कोकणात पोचेपर्यंत विहिरीकाठची दुखावलेली सून झाली. हडळ समोरून सुंदर, केस मोकळे, पावले उलटी, आणि पाठमोरी झाली की आत पोकळ. दवाखाना खाडीपलीकडे आणि होडी भरतीच्या भरवशावर, अशा गावांत किती बाळंतिणी दगावल्या असतील याचा आकडा कुठल्या दप्तरात मिळो न मिळो. हडळींच्या गोष्टी इतक्या का, याचे उत्तर मात्र तिथेच शोधावे लागते.

बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. मालवणीत तो गिऱ्हो. नदीचा कोंड (डोह), खाडीचा उतार, व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव (लहान पूल) ही त्याची हद्द. पाणी ओलांडणाऱ्याला तो वाट चुकवून खोलात नेतो. पण त्याची एक दुखरी बाजू आहे: त्याची शेंडी. ती ज्याच्या हाती लागली त्याचा तो चाकर होतो, सांगेल ते काम करतो आणि रोज रात्री दारात येऊन शेंडी परत मागतो. मालकाने ती लपवून ठेवायची आणि गिऱ्ह्याने शोधत राहायचे, एवढाच त्यांचा संसार. शेंडी सापडली की चाकरी संपली. वेठबिगारीचे इतके नेमके चित्र भुताच्या गोष्टीत यावे, हे गोष्ट सांगणाऱ्याला जाणवत असेल की नाही, कोण जाणे.

झोटिंग हा खारवी किंवा कोळी माणसाचा समजतात. दांडगा आणि कुणाचे न ऐकणारा. त्याचे नाव भाषेत भुतापेक्षाही जास्त टिकले, कारण मनमानी कारभाराला आपण झोटिंगशाही म्हणतो. खवीस मुसलमान किंवा सिद्दी माणसाचे भूत मानले जाते. शब्द अरबी ‘खबीस’वरून, अर्थ दुष्ट. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार ज्या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, तिथे सर्वांत आडदांड भूत परक्याचे ठरावे, यात ओळख होते ती सांगणाऱ्यांची. एकंदरीत गावात जी उतरंड, तीच भुतांत. ब्राह्मणाचे भूत पिंपळावर बसून पाठ म्हणते, कोळ्याचे पाण्याशी राहते, शेतकऱ्याचे बांधावर. मेल्यावर जात जात नाही, हे भुतावळीइतके स्पष्ट कुणी सांगितलेले नाही.

चकवा मात्र या सगळ्यांत वेगळा. त्याला पूर्वकथाच नाही. तो कुणाचा कोणीही नाही, तो फक्त लागतो. त्याच्याविषयी शेवटी.

दिनक्रम

भुतांचा दिवस दोनदा उजाडतो, एकदा टळटळीत दुपारी बाराला आणि एकदा तिन्हीसांजेला. दुपारची पाळी छोटी. तेवढ्या वेळात पोरांनी चिंचेखाली किंवा विहिरीवर जायचे नाही. संध्याकाळची पाळी कोंबडा आरवेपर्यंत. अवस-पुनवेला जादा काम. ‘तिनसांजा झाली, आता थंय जाव नको’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही तो कोकणात वाढलेला नाही. या वेळापत्रकात एक शहाणपणही आहे. भर दुपारी विहिरीत पडलेले मूल कुणाला दिसत नाही, कारण सगळे जेवून पडवीत आडवे झालेले असतात. काळोखात पाणंदीतून चालताना दोन्ही बाजूंच्या जांभ्या दगडाच्या गडग्यांत फुरसे, म्हणजे विषारी साप, बसलेले असू शकते. भुताचे नाव सांगितले की पोर थांबते. फुरशाचे सांगितले तर ते बघायला जाते.

राहण्याच्या जागा ठरलेल्या: वड, पिंपळ, चिंच, बांबूचे बेट, पडका मांगर (शेतातली खोप), मसणवट. आंब्याफणसाचे झाड सहसा नाही. खाण्यात वडे, भात, अंडे, कोंबडा, नारळ. हे सगळे उताऱ्याच्या रूपाने तिठ्यावर आयते मिळते. व्यसने माणसांचीच. रानवाटेवर अनोळखी म्हातारा विडी पेटवायला काडी मागतो, हा तर गजालीतला (गप्पागोष्टींतला) नेहमीचा प्रवेश.

वेताळ आणि देवचार

वेताळ भुतांचा राजा, शिवाचा गण, आणि दक्षिण कोकणात चक्क ग्रामदेव. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. पुरुषभर उंचीहून मोठी, उभी मूर्ती. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला माणसाच्या मापाच्या नसतात. एकेक जोड उचलायला दोन्ही हात लागावेत अशा. कारण साधे आहे: वेतोबा रोज रात्री गावाच्या हद्दीवरून गस्त घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. वाहिलेल्या चपलांचे तळवे झिजलेले दिसतात, असे भाविक सांगतात. देवाला दागिने, वस्त्रे, नैवेद्य देण्याची रीत सगळीकडे आहे. पण त्याच्या रोजच्या कष्टाचा विचार करून पायताण देणे, हा त्याच्या दिनक्रमावरचा विश्वास आहे, आणि देवत्वावरच्या विश्वासाहून तो जास्त घरगुती वाटतो.

गोव्यात हाच बेताळ होतो. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाचे नाव त्याच्यावरून पडले. आमोण्यालाही त्याचे देऊळ आहे. तिकडच्या जुन्या पाषाणमूर्तींच्या पोटावर विंचू कोरलेला आढळतो.

देवचार एका पायरीने खाली. तो गावाच्या चारी दिशांना राहतो आणि राखणदारी करतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, तोंडात विडी, रात्री हातात पेटती चूड. काठीचा आवाज ऐकला म्हणणारे पुष्कळ. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची, म्हणजे कोंबडा, नारळ, कुठे रोट आणि दारू. दिली नाही तर तो गुरे हरवतो, वाट चुकवतो. दिली तर हरवलेले जनावर गोठ्याशी आणून सोडतो. गावरहाटीच्या गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या सामूहिक विनवणीत, ‘व्हय म्हाराजा’च्या साथीवर ज्यांना हाक घालतात त्यांत मोठ्या देवांबरोबर हेही असतात. गंमत म्हणजे ख्रिस्ती कोंकणीत ‘देवचार’ या शब्दाचा अर्थ सैतान. एकाच बांधाच्या अलीकडे तो राखणदार आणि पलीकडे सैतान. धर्मांतर झाल्यावर जुन्या नोकराला नव्या घरात मिळालेली ही बढती म्हणायची की बडतर्फी, ते ज्याचे त्याने ठरवावे.

गजाल आणि नोंद

या पात्रांची भर पडते ती गजालीतून. पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर, पडवीत कंदिलाभोवती बसून एक जण सुरुवात करतो. गोष्ट नेहमी सांगणाऱ्याच्या काकाला किंवा आजाला घडलेली असते, जागा सगळ्यांच्या पायाखालची असते, आणि ऐकणारा मधेच तपशील दुरुस्त करतो: व्हाळ तो नव्हे, पलीकडचा. मूळ पात्र सर्वांचे, त्याच्या आयुष्यातला नवा प्रसंग प्रत्येकाचा. म्हणून देवगडचा मुंजा गुहागरच्या मुंज्यासारखा वागतोच असे नाही.

लिखित नोंदींमध्ये सर्वांत महत्त्वाची एक, तिचा इतिहासही चमत्कारिक आहे. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची टिपणे शाळामास्तरांकडून मिळवली होती. नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केला. हाच तो जॅक्सन. टिपणे आर. ई. एंथोवेन यांनी संपादून छापली. कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. त्यात कुळाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतली भुते जातवार आणि मरणवार लावलेली आहेत. माहिती देणाऱ्यांची ओळख मात्र अमुक गावचा शाळामास्तर एवढीच. भुतांना नावे आहेत, मास्तरांना नाहीत.

भूत लागले म्हणून घाडी, भगत या मांत्रिकांकडे नेणे, कौल लावणे, अंगारा लावणे ही या विश्वाची दुसरी, कमी गोड बाजू. त्यात मारहाण सोसली ती बहुधा सुनांनी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद होऊ शकते. उतारा ठेवण्याला किंवा राखण देण्याला या कायद्याने हात लावलेला नाही.

चित्ररूप

या मंडळींना चित्रात आणू पाहणाऱ्याला वेतोबा सोपा, मूर्तीच समोर आहे. देवचाराची घोंगडी-काठी ठरलेली, हडळीची पाठ ठरलेली, मुंज्याला शेंडी आणि लंगोटी पुरते. समंधाचा चेहरा कुणी सांगत नाही, वजन सांगतात. गिऱ्ह्याचे पाण्याबाहेर काय दिसते यावर दोन गावांचे एकमत नाही.

आणि चकवा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, संध्याकाळी निघालेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच जागी येतो. उपाय सांगतात ते असे: खाली बसावे, विडी ओढावी, सदरा उलटा करून घालावा. त्याला अंग नाही, आवाज नाही, भूक नाही. त्याचे चित्र काढायचे तर रिकामा कातळ, एक करवंदीची जाळी आणि तिच्याभोवती माणसाच्याच पावलांचे तीन-चार फेरे, एवढेच काढता येते.