चारित्र्य पडताळणी : गुन्हा महत्त्वाचा की लपवाछपवी?

सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरावा लागतो. नाव, गाव, आधीचे पत्ते आणि मग मुद्द्याचे प्रश्न : कधी अटक झाली होती का? खटला, दंड, शिक्षा? आज कोर्टात काही प्रलंबित आहे का? माहिती लपवल्यास अपात्र ठरवू, ही तंबी वरच छापलेली असते. पुढची चौकशी पोलीस करतात.

या चौकशीत एकेकाळी राजकारणही येई. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाची नोकरी १९७४ मध्ये गेली, कारण पोलीस अहवालात तो पूर्वी संघ-जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असल्याची नोंद होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. भारत हे पोलीस राज्य नाही, असं न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी बजावलं.

गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र न्यायालय इतकं मोकळं नव्हतं. दिल्ली पोलिसांत निवडलेला सुशील कुमार खटल्यातून निर्दोष सुटला होता, तरी त्याला घेतलं नाही. १९९६ चा निकाल सांगतो : खटल्याचं काय झालं हे नव्हे, उमेदवाराचं वर्तन आणि चारित्र्य बघायचं.

पण खरा पेच नमुन्यातल्या 'नाही' या उत्तराचा. रामरतन यादव केंद्रीय विद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. १९९८ मध्ये रकाना १२ आणि १३ समोर त्याने 'नाही' लिहिलं, आणि त्याच वेळी मारहाण, धमकी अशा कलमांखाली त्याच्यावर खटला चालू होता. पुढे सरकारने तो खटला मागे घेतला. माझं शिक्षण हिंदीतून, इंग्रजी प्रश्न नीट कळला नाही, हा त्याचा बचाव. उच्च न्यायालयाला तो पटला, सर्वोच्च न्यायालयाला २००३ मध्ये नाही : बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाला दोन रकाने कळू नयेत? कलमं हलकी होती, खटलाही उरला नव्हता. तरी नोकरी गेली ती खोट्या उत्तरापायी.

२०११ मध्ये, अशीच माहिती लपवलेल्या संदीप कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सूर एकदम बदलला. तरुणपणी पोरांच्या हातून चुका होतात, त्यावरून आयुष्यभराचा शिक्का मारू नये, असं न्या. काटजूंच्या पीठाने म्हटलं. एकाला नोकरी, दुसऱ्याला घरचा रस्ता, असं चित्र तयार झालं आणि ते बरं नव्हतं. शेवटी २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सूत्रं घालून दिली. कोवळ्या वयात घोषणा दिल्याच्या गुन्ह्यासारखी किरकोळ बाब लपवली असेल, तर ती माफ करता येते. जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. सेवेत कायम झालेल्याला विभागीय चौकशीशिवाय काढता येत नाही. मात्र सगळं खरं सांगितलं म्हणून नेमणूक दिलीच पाहिजे असंही नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार मालकाकडे राहतो. आंदोलनात गुन्हा अंगावर आलेल्या आपल्याकडच्या भरतीच्या पोरांनी यातलं घोषणांचं उदाहरण नीट वाचावं.

गणवेशाच्या नोकरीत मात्र माफीची अपेक्षा कमीच धरावी. २०२२ मध्ये सतीशचंद्र यादव प्रकरणात सीआरपीएफमधल्या जवानाची बडतर्फी न्यायालयाने कायम ठेवली.