‘राइड थ्रू’ शब्दाचा घोळ: व्होल्टेज डिप आणि पवनचक्क्या

व्होल्टेज डिप, म्हणजे व्होल्टेजची क्षणिक घसरण, आला तरी ग्रीडला (वीजजाळ्याला) जोडलेले राहून तो झेलणे म्हणजे ‘राइड थ्रू’. सुरुवातीच्या पवनचक्क्यांत साधे इंडक्शन जनित्र असे, म्हणजे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसलेले. व्होल्टेज घसरले की ग्रीडपासून सुटायचे, एवढाच नियम. एकूण विजेत वाटा नगण्य होता तोवर याने कुणाचे काही अडले नाही. उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये तो वाढल्यावर मात्र एका लाइनवरच्या फॉल्टने (बिघाडाने) आसपासची शेकडो जनित्रे एकदम सुटण्याची भीती उभी राहिली. 2003 मध्ये जर्मनीतल्या एका पारेषण कंपनीच्या ग्रीड कोडमध्ये (ग्रीडला जोडण्याच्या नियमांत) व्होल्टेज आणि वेळेचा आलेख आला: व्होल्टेज रेषेच्या वर असेपर्यंत सुटायचे नाही. 2005 मध्ये अमेरिकेतही तसाच नियम झाला.

पंचाईत अशी की तेव्हा बाजारात डबली-फेड जनित्रांची चलती होती. त्यांच्या रोटरला (फिरणाऱ्या भागाला) वीज नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर जोडलेला; तो एकूण क्षमतेच्या साधारण 30 टक्केच, म्हणून स्वस्त. पण स्टेटर (स्थिर भाग) थेट ग्रीडला जोडलेला. डिप आला की स्टेटरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) लगेच खाली येत नाही, अडकून राहतो आणि रोटरमध्ये इतके व्होल्टेज उभे करतो की छोट्या कन्व्हर्टरला ते पेलत नाही. उपाय म्हणून क्रोबार आला: रोटर रेझिस्टन्सवर शॉर्ट करायचा. कन्व्हर्टर वाचतो, नियंत्रण जाते. यंत्र पुन्हा साधे इंडक्शन जनित्र बनून ग्रीडमधूनच रिअॅक्टिव्ह पॉवर (व्होल्टेज टिकवायला लागणारी वीज) ओढू लागते, तीही ग्रीडला तिची सर्वात जास्त गरज असताना.

मग याला राइड थ्रू म्हणायचे का? उत्पादकांचे म्हणणे, ग्रीडशी जोडणारा ब्रेकर उघडला नाही, नियम पाळला. ग्रीड चालवणाऱ्यांना हे पटत नव्हते. त्यात जर्मन कोडने पुढे काही परिस्थितीत थोडा वेळ सुटून 2 सेकंदांत परत जोडून घेण्याची मुभा दिली. म्हणजे ‘न सुटणे’ या शब्दात सुटणेही बसले! माझ्या मते दोष आलेखाचा. यंत्र जोडलेले आहे की नाही एवढेच तो विचारत होता, जोडलेले राहून ते काय करते हे नाही.

ही उणीव भरून काढली रिअॅक्टिव्ह करंटच्या अटीने: व्होल्टेजच्या प्रत्येक 1 टक्का घसरणीमागे रेटेड करंटच्या किमान 2 टक्के. आता क्रोबार लावून गप्प बसणे परवडेना. अडकलेल्या फ्लक्सच्या उलट करंट रोटरमध्ये सोडणे, कन्व्हर्टरच्या डीसी लिंकवर (आतल्या डीसी जोडणीवर) जास्तीची ऊर्जा जिरवणारा चॉपर बसवणे, असे उपाय पुढे आले. सगळी वीज कन्व्हर्टरमधून जाणाऱ्या (पूर्ण कन्व्हर्टरच्या) यंत्रांना हे मुळातच सोपे, कारण त्यांचे जनित्र डिप थेट पाहतच नाही.

28 सप्टेंबर 2016 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने लाइन पाडल्या आणि दोनेक मिनिटांत लागोपाठ सहा डिप आले. नऊ पवन प्रकल्पांचे मिळून 456 मेगावॅट उत्पादन गेले, शेजारच्या राज्याशी जोडणाऱ्या लाइनवर अचानक भार वाढून दोन्हीकडच्या ग्रीडचा ताल तुटला, तशी तिच्या संरक्षण यंत्रणेने ती तोडली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. सुटे डिप यंत्रांनी झेलले होते. दोन मिनिटांत किती वेळा झेलायचे, याची मर्यादा मात्र सेटिंगमध्ये होती आणि ती ग्रीड चालवणाऱ्यांना माहीत नव्हती. 2018 मध्ये तिथल्या नियमांत पाच मिनिटांत 15 पर्यंत धक्के झेलण्याची अट आली.