४ व्होल्टची शिशाची, ३.७ व्होल्टची लिथियमची: टॉर्चमधल्या दोन बॅटऱ्या

रब्बीत थ्री-फेजची पाळी रात्रीची आली की गव्हाचं, कांद्याचं दारं धरायला अंधारातच शेतात उतरावं लागतं. बांधावर साप-विंचवाची भीती असते, जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची. अशा वेळी टॉर्च लागला पाहिजे आणि काम उरकेपर्यंत टिकला पाहिजे. लांब झोताचे हे टॉर्च ऑनलाइन बाजारात ‘हंटिंग लाइट’ म्हणूनही विकले जातात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे त्यांचा खरा उपयोग पिकाच्या राखणीला आणि रात्रीच्या पाण्यालाच.

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या टॉर्चमध्ये दोन अगदी वेगळ्या बॅटऱ्या असू शकतात. एक सीलबंद शिसे-आम्लाची, दुसरी लिथियम-आयनची. दोन्ही रिचार्जेबल, आणि व्होल्टचे आकडेही जवळजवळचे: शिशाची छोटी बॅटरी ४ व्होल्टची, लिथियमचा सेल ३.७ व्होल्टचा. घोळ होतो तो इथे. एकीला मानवणारी सवय दुसरीचं आयुष्य कमी करते.

ओळखायला सोपं आहे. शिशाची बॅटरी म्हणजे चौकोनी ठोकळा, वर दोन पत्र्याच्या पट्ट्या, हातात घेतली की जड. थोडी मोठी, ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी पाऊण किलोच्या आसपास भरते. लिथियमचा नेहमीचा सेल गोल असतो, त्याला १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. असे तीन चांगले सेल त्या पाऊण किलोच्या ठोकळ्याएवढीच वीज साठवतात. डोक्याला लावायच्या टॉर्चमध्ये लिथियम आलं ते यामुळेच.

आता मल्टिमीटर लावून बघा. समजा, काटा ३.९ व्होल्ट दाखवतोय. लिथियमचा सेल असेल तर तो सुमारे पाऊण भरलेला आहे, आजची रात्र बहुतेक निघेल. ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असेल तर ती जवळपास रिकामी आहे, लगेच चार्जिंगला लावा. शिशाच्या बॅटरीत प्रत्येकी २ व्होल्टची दोन घरं असतात, आणि पूर्ण भरून थोडा वेळ विसावल्यावर ती ४.२५ च्या आसपास दाखवते. लिथियमची कमाल मर्यादा ४.२, आणि ३ च्या खाली गेला की तो रिकामा समजायचा.

शिशाच्या बॅटरीचा खरा शत्रू म्हणजे रिकामं पडून राहणं. वीज खर्च होताना आतल्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. पण तसंच राहू दिलं तर त्याचे कडक स्फटिक बनतात, मग कितीही चार्ज करा, बॅटरी वीज धरत नाही. आपल्याकडे बहुतेक टॉर्च नेमके असेच मरतात. रब्बी संपली की टॉर्च अर्धवट उतरलेल्या अवस्थेत खुंटीला लागतो आणि दिवाळीनंतरच हातात येतो. मधला अख्खा उन्हाळा तो पत्र्याखाली तापतो, आणि उष्णतेत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो. तेव्हा शिशाची बॅटरी वापरल्या दिवशीच भरायची, ठेवताना पूर्ण भरून ठेवायची, आणि पडून असली तरी दर दोन महिन्यांनी चार्जिंग द्यायचं. उजेड पिवळट, मंद व्हायला लागला की तो पूर्ण विझायची वाट बघायची नाही.

मात्र भरून ठेवायची म्हणजे कायम सॉकेटलाच ठेवायची नव्हे. स्वस्त टॉर्चमध्ये चार्जिंग आपोआप थांबत नाही. दिवसेंदिवस लावून ठेवली तर आतल्या पाण्याचा वायू होऊन तो झडपेतून निघून जातो, आणि सीलबंद बॅटरीत ट्रॅक्टरच्या बॅटरीसारखं डिस्टिल्ड वॉटर घालता येत नाही. साधारणपणे क्षमतेच्या एक दशांश करंट, म्हणजे ४.५ अँपिअर-अवरला सुमारे अर्धा अँपिअर, आणि बारा-चौदा तास पुरतात.

लिथियमचं नेमकं उलट. त्याला अर्धवट चार्जिंगचं वावडं नाही, रोज थोडं थोडं भरलं तरी चालतं. ‘आधी पूर्ण उतरवा, मग चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम सेलांच्या काळातला आहे, लिथियमला तो नुकसानच करतो. पूर्ण भरून उन्हात ठेवलेला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. पावसाळाभर ठेवायचा असेल तर निम्म्यावर, ३.७ ते ३.८ व्होल्टवर आणून थंड, कोरड्या जागी ठेवा. एक गोष्ट रात्री शेतात जाणाऱ्याने लक्षात ठेवावी: शिशाचा टॉर्च मंद होत होत सूचना देतो, लिथियमचा मात्र संरक्षक सर्किटने पुरवठा तोडला की एकदम बंद पडतो. खिशात दुसरा छोटा टॉर्च हवाच.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे अदलाबदल. ४ व्होल्टची बॅटरी गेली म्हणून तिच्या जागी लिथियमचा सेल जोडायचा आणि चार्जिंग जुन्याच पिनेवर करायचं, हे सर्रास चालतं. कृपा करून हे करू नका. मागे दोन पिना असलेल्या बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये घरातली वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय, कपॅसिटर आणि डायोडमधूनच बॅटरीला जाते, आणि कुठे थांबायचं हे ठरवणारं काही नसतं. शिशाची बॅटरी चार्ज होताना ४.८ व्होल्टपर्यंत जाते आणि तिला ते चालतं. लिथियमला ४.२ च्या वर नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्याला ४.२ वर थांबणारा स्वतःचा चार्जरच हवा. ३.२ व्होल्ट लिहिलेला लिथियम फॉस्फेटचा सेल तर आणखी वेगळा, तो ३.६५ वरच थांबवावा लागतो. फुगलेला, चेपलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली बरेच दिवस पडून राहिलेला लिथियम सेल पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. आणि चार्जिंग कधीही गोठ्यात कडब्याजवळ किंवा अंथरुणावर नको.

नवा घ्यायचा तर मी लिथियमचाच सांगेन, पण सेल काढता-बदलता येईल असा. ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे ९.९ अँपिअर-अवर) असं छापलेला १८६५० सेल दिसला तर तो घेऊ नका. या आकारात चांगला सेलही साधारणपणे ३५००-३६०० च्या आसपासच असतो. टॉर्च घरात लाइट गेल्यावरच लागत असेल आणि दर महिन्याला चार्ज करायची सवय असेल, तर शिशाचा स्वस्त टॉर्चही वर्षानुवर्षं साथ देतो. ती बॅटरी संपली की शिसं काढायला घरी फोडू किंवा वितळवू नका, त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांना फार घातक असते. बॅटरीच्या दुकानदाराकडे परत द्या. लिथियमचे सेल देताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे पिशवीत एकमेकांना लागून शॉर्ट होणार नाहीत.