सामान-तपासणी यंत्र, विमानतळावरील

विमानप्रवाशांच्या बॅगांमधील वस्तू बॅग न उघडता क्ष-किरणांनी दाखवणारे यंत्र. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बोलताना त्याला ‘मेटल डिटेक्टर’ म्हटले जाते. हे नाव खरे तर प्रवासी ज्यातून चालत जातो त्या चौकटीचे. चौकटीतील वेटोळ्यांच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने धातूत आवर्त प्रवाह (भोवऱ्यासारखे फिरणारे विद्युत् प्रवाह) उत्पन्न होतात आणि त्यांचा परिणाम नोंदला जातो.

चौकटीच्या तत्त्वाचे श्रेय पुष्कळदा ग्रॅहॅम बेल यांना दिले जाते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी अशा उपकरणाने शोधण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो फसला, बहुधा पलंगातील स्प्रिंगांमुळे. मात्र डेव्हिड ह्यूझ यांची प्रवर्तन तुला (वेटोळ्यांच्या साहाय्याने जवळचा धातू दाखवणारे उपकरण) १८७९ ची असल्याने बेल यांना आद्य संशोधक न मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

बॅगेचे यंत्र धातू ‘ओळखत’ नाही. किरण किती अडले ते मोजते. एकाच मापनात जाड प्लॅस्टिक आणि पातळ पोलाद सारखेच गडद दिसू शकतात, म्हणून मापन दोन ऊर्जांवर होते. पुढचा संवेदक कमी ऊर्जेचे किरण टिपतो, मधला तांब्याचा पत्रा उरलेले मृदू किरण गाळतो, मागचा संवेदक जास्त ऊर्जेचे मोजतो. कमी ऊर्जेला प्रकाशविद्युत् शोषण (अणूने किरण पूर्ण शोषून घेणे) अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताने वाढते. जास्त ऊर्जेला प्रकीर्णनाचा (किरण विखुरण्याचा) वाटा मोठा असतो व तो मुख्यतः घनतेवर ठरतो. दोन्हींच्या तुलनेतून वस्तूचा सरासरीवजा अणुक्रमांक काढून रंग दिला जातो : सुमारे १० पर्यंत नारिंगी, १० ते १८ हिरवा, त्यापुढे निळा.

म्हणून बेळगावी कुंदा आणि गोकाकचा करदंट या मिठाया नारिंगी, खानापूरची मातीची भांडी बहुधा हिरवट दिसतात. ॲल्युमिनियमचा (१३) डबा धातू असूनही हिरवाच. पारंपरिक कोल्हापुरी चप्पल बेळगाव जिल्ह्यातही होते. ती चामड्याच्या वादीने शिवलेली असल्याने निळा ठिपका दिसत नाही, खिळे ठोकलेल्या नकलेत दिसतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीचा बिडाचा जाड नमुना किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. तेथे काळा डाग उरतो, मागे काय आहे ते कळत नाही, आणि बॅग आडवी करून पुन्हा पट्ट्यावर घालावी लागते किंवा उघडावी लागते.

बेळगावचा विमानतळ सांबरा येथे असून मूळ धावपट्टी १९४२ च्या सुमाराची, ब्रिटिश हवाई दलाची आहे.