मनगटी रक्तदाबमापन

मनगटी रक्तदाबमापन : मनगटावर घड्याळाप्रमाणे किंवा कड्याप्रमाणे बांधलेल्या उपकरणाने रक्तदाब मोजणे अथवा त्याचे अनुमान काढणे. ही उपकरणे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात पट्ट्यातील हवेची पिशवी फुगवून धमनीवर बाहेरून दाब दिला जातो आणि धमनी त्याला कसा प्रतिसाद देते यावरून आकडा ठरतो. दुसऱ्या प्रकारात धमनी दाबली जात नाही. प्रकाश, विद्युत् किंवा स्पर्शदाब टिपणाऱ्या संवेदकांनी नाडीच्या लहरी नोंदवून, आधी साठवलेल्या संदर्भमूल्याच्या आधारे रक्तदाबाचे गणित मांडले जाते. काचेवर दोन्ही आकडे सारखेच दिसतात आणि वापरणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. या नोंदीत पहिल्या क्रियेस मापन व दुसरीस अनुमान म्हटले आहे.

इतिहास : रक्तदाबाचे सर्वांत जुने ज्ञात मापन इंग्रज धर्मोपदेशक व वैज्ञानिक स्टीव्हन हेल्झ यांचे. त्यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त ८ फूट ३ इंच चढल्याचे नमूद केले. हे वर्णन १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोग मात्र त्याच्या बराच आधीचा असावा. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक प्वाझय यांनी १८२८ मध्ये उंच नळीऐवजी पाऱ्याचा दाबमापक वापरला, तरी धमनी उघडावी लागतच होती. माणसावर नित्य वापरण्याजोगी पद्धत हवी तर त्वचेवरूनच मोजणे भाग होते आणि त्यासाठी मनगटाची निवड जवळजवळ आपोआप झाली. तेथे अंगठ्याच्या बाजूची रेडियल धमनी त्वचेलगत असते आणि तिच्याखाली हाडाचा टणक आधार मिळतो.

मनगटावरील मापनाचा आरंभ कोणापासून धरावा याबद्दल एकमत नाही. काही इतिहासकार हा मान फ्रेंच वैद्य झ्यूल एरिसाँ यांना देतात. १८३० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी तळाशी पातळ पडदा असलेली, पारा भरलेली काचेची नळी मनगटावर ठेवून नाडीबरोबर पारा हलताना दाखवला. परंतु हात जरा अधिक जोराने टेकला की पारा चढे. त्यामुळे त्यातून दाबाचे मूल्य मिळत होते असे म्हणणे कठीण आहे. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कार्ल फोन फीरोर्ट यांनी १८५५ च्या सुमारास तरफेच्या पारड्यात वजने टाकून नाडी बंद पाडण्याची कल्पना मांडली. धमनीतील दाब जाणायचा तर तो थोपवणारा प्रतिदाब बाहेरून द्यावा लागतो, हे तत्त्व येथे प्रथम स्पष्ट दिसते. त्यांचे उपकरण अवजड होते. एत्येन-झ्यूल मारे यांनी १८६० मध्ये ते हलके व सुटसुटीत केले आणि मनगटी नाडीलेखक रुग्णालयांत पोचला. मात्र मारे यांच्या यंत्रातून निघे ती नाडीची वक्ररेषा. तिच्या उंचीवरून दाब सांगण्याचे प्रयत्न पुढे सोडून द्यावे लागले.

दाबाचे मूल्य हाच निकष लावला तर अग्रक्रम व्हिएन्नाचे साम्युएल फोन बाश यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या उपकरणाचे वर्ष कोठे १८८० तर कोठे १८८१ असे दिले जाते. पाणी भरलेला रबरी फुगा मनगटाच्या धमनीवर दाबायचा, त्याच्या पलीकडची नाडी बोटाला लागेनाशी झाली की जोडलेल्या दाबमापकावरचा आकडा वाचायचा, अशी ही पद्धत होती. प्येअर पोतँ यांनी १८८९ मध्ये पाण्याऐवजी हवा वापरली. या साधनांनी वरचा म्हणजे आकुंचनकालीन दाबच कळे. शिवाय फुगा धमनीवर नेमका बसला नाही तर वाचन बरेच बदलत असे.

शिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाभोवती फुगणारा पट्टा आणला, हाइनरिख फोन रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये तो रुंद करावा असे दाखवून दिले आणि १९०५ मध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ठरवण्याची पद्धत मांडली. यानंतर मनगट मागे पडले ते बराच काळ. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक दाबसंवेदक व सूक्ष्मसंस्कारक (मायक्रोप्रोसेसर) लहान झाल्यावर मनगटाला बांधायची घरगुती यंत्रे आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅसिओ कंपनीने रक्तदाबाचा अंदाज देणारे हातघड्याळही विकले.

आंदोलनमापी पद्धत : हवेचा पट्टा असणाऱ्या जवळजवळ सर्व मनगटी यंत्रांचा पाया हाच आहे. तिचे मूळ पुन्हा मारे यांच्याकडे जाते. १८७६ मध्ये त्यांनी हात पाण्याच्या बंद पात्रात ठेवून पाण्याचा दाब बदलत नेला, तेव्हा नाडीमुळे होणारी आंदोलने एका विशिष्ट दाबाला सर्वांत मोठी होतात असे आढळले. ही महत्तम आंदोलने नेमकी कशाची खूण, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. ती खालच्या म्हणजे प्रसरणकालीन दाबाची निदर्शक आहेत, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित होते. पोझी, गेडीस व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये ती सरासरी धमनीदाबाशी जुळतात असे दाखवले आणि आता तेच ग्राह्य धरतात.

याचा परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. आंदोलनमापी यंत्राला थेट मिळतो तो सरासरी दाब. वरचा व खालचा हे आकडे आंदोलनांच्या आलेखावरून काढलेले असतात. गेडीस यांच्या १९८२ च्या अभ्यासात आंदोलनांची उंची महत्तम उंचीच्या साधारण ०.५५ पट असते तेथे वरचा आणि ०.८२ पट असते तेथे खालचा दाब, अशी गुणोत्तरे आली. प्रत्यक्षात प्रत्येक उत्पादकाचे सूत्र वेगळे असून ते सहसा गोपनीय ठेवले जाते. म्हणजे पट्ट्याच्या मापनातही अनुमानाचा अंश असतोच. फरक एवढाच, पण निर्णायक, की प्रत्येक वेळी धमनीवर ज्ञात प्रतिदाब दिला जातो आणि म्हणून आकड्याला त्याच क्षणीचा भौतिक आधार असतो.

मनगटाच्या रचनेमुळे काही अडचणी येतात. दंडात दाबायला मुख्यतः एकच मोठी धमनी असते, तर मनगटात रेडियल व अल्नर अशा दोन असतात. त्या कंडरा आणि हाडे यांच्यामध्ये असल्याने दोन्हींवर सारखा दाब पडत नाही. मनगट वाकवले की हा दाब आणखी बदलतो. हृदयापासून दूर जाताना नाडीलहरीचा माथा उंचावत असल्याने, विशेषतः तरुणांत, वरचा दाब मनगटाशी दंडापेक्षा किंचित अधिक भरू शकतो. उलट, ज्यांचा दंड फार जाड किंवा शंकूच्या आकाराचा असतो व नेहमीचा पट्टा नीट बसत नाही त्यांना मनगटी यंत्र सोयीचे ठरते.

हाताची उंची : मनगटी उपकरणांत चुकीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत साधे कारण हेच आहे. मनगट हृदयाच्या पातळीपासून १ सेंमी. खाली गेले की रक्ताच्या स्तंभाच्या भारामुळे वाचन सुमारे ०.७७ मिमी. पारा (रक्तदाबाचे नेहमीचे एकक) इतके वाढते, वर गेले की तितकेच घटते. खुर्चीत बसून हात मांडीवर ठेवला आणि मनगट हृदयाच्या २० सेंमी. खाली राहिले, तर १२५ चा दाब १४० दिसेल. दंडावर पट्टा बांधला असता हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. काही मनगटी यंत्रांत त्वरणमापक (हालचाल व कल टिपणारा संवेदक) बसवून हात योग्य उंचीवर आला की इशारा देण्याची सोय असते. झोपेत कुशीवर वळल्यावर वरच्या व खालच्या हातांची उंची वेगळी असल्यामुळे रात्रीच्या वाचनांचा अर्थ लावताना हा मुद्दा पुन्हा उपस्थित होतो.

नाडीलहरीचा वेग : पट्टा न फुगवता रक्तदाब सांगणाऱ्या पद्धतींतील सर्वांत जुनी सैद्धांतिक बैठक ही होय. लवचिक नळीतील लहरीचा विचार टॉमस यंग यांनी १८०८ मध्ये केला होता. मून्स व कोर्टवेख या डच शास्त्रज्ञांनी १८७८ मध्ये त्याला नेमके रूप दिले. त्यांच्या समीकरणानुसार वेगाचा वर्ग हा धमनीभिंतीच्या स्थितिस्थापकता गुणांकाशी व जाडीशी सम प्रमाणात, तर रक्ताची घनता व नळीचा व्यास यांच्याशी व्यस्त प्रमाणात असतो. ब्रॅमवेल व हिल यांनी १९२२ मध्ये हाच संबंध दाब व आकारमान यांतील बदलांच्या भाषेत मांडला. दाब वाढला की भिंत ताणली जाऊन कडक होते, लहर वेगाने धावते व तिला लागणारा वेळ घटतो. म्हणून वेळ मोजली तर दाब कळावा, अशी ही अपेक्षा आहे.

पण समीकरणात दाब कोठेच थेट नाही. तो भिंतीच्या कडकपणातून आत येतो आणि कडकपणा वयाने, व्याधीने, औषधांनी, थंडीने आणि धमनीच्या स्नायूंच्या ताणानेही बदलतो. त्यामुळे दोन व्यक्तींत वेग सारखा असून दाब वेगळा असू शकतो आणि प्रत्येकासाठी आधी दंडाच्या यंत्राने संदर्भमूल्य द्यावे लागते. दुसरी अडचण मापनाची आहे. घड्याळे सहसा हृदयाच्या विद्युत् आलेखातील टोकापासून मनगटाशी नाडी पोचेपर्यंतचा काळ मोजतात. त्यात हृदयाच्या डाव्या कप्प्याने आकुंचनास सुरुवात करून महाधमनीची झडप उघडेपर्यंतचा काळही मिसळलेला असतो. हा काळ विश्रांतीतही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो व श्रम, उभे राहणे किंवा भीती यांनी बदलतो. लहरीचा प्रवासकाळ आणि तिच्या आगमनाचा काळ एकच समजण्याची चूक या विषयावरील लेखनात वारंवार आढळते.

प्रकाशीय पद्धत : अलीकडची बहुतेक उपकरणे एवढेही न करता केवळ एका ठिकाणच्या प्रकाशीय नाडीलेखावर भिस्त ठेवतात. त्वचेत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतार टिपण्याचे हे तंत्र १९३० च्या दशकात आल्रिक हर्ट्झमन यांच्या अभ्यासांतून रूढ झाले. लहरीचा आकार, चढण, दुसरा उंचवटा यांवरून यंत्र-अध्ययनाने (मशीन लर्निंग; पूर्वीच्या नोंदींवरून संगणकाने नियम शिकणे) दाबाचे अनुमान काढतात. या तंत्राचे सामर्थ्य किती, यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते पुरेशा नोंदी मिळाल्या तर आकारातून दाब वाचता येईल. दुसरा पक्ष म्हणतो की अशा प्रतिमानांचे यश मुख्यतः वय, वजन व संदर्भमूल्य यांवर उभे असते. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप अधिक बळकट दिसतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा दाब थोडाच हलतो, त्यामुळे सकाळी दिलेले संदर्भमूल्य दिवसभर जसेच्या तसे दाखवणारे यंत्रही साध्या सांख्यिकीय चाचणीत चांगले ठरू शकते. खरी परीक्षा दाब बदलतो तेव्हाच होते.

याखेरीज धमनीवर संवेदक टेकवून नाडीचा आकार टिपण्याची स्पर्शदाब पद्धत आहे. तिचा संवेदक प्रेसमन व न्यूगार्ड यांनी १९६३ मध्ये वर्णिला. २०२२ मध्ये ग्रॅफीनचे (कार्बनच्या अतिशय पातळ थराचे) गोंदणासारखे विद्युतग्र (इलेक्ट्रोड) मनगटावर चिकटवून विद्युत्‌रोधावरून दाबाचे अनुमान काढण्याचा प्रयोग टेक्ससमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला.

प्रमाणीकरण : पट्ट्याच्या स्वयंचलित यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या आयएसओ ८१०६०-२ या मानकात किमान ८५ व्यक्तींवर तुलना करून सरासरी चूक ५ मिमी. पारा व प्रमाण विचलन (चुकांचा विखुरलेपणा) ८ मिमी. पारा यांच्या आत असावे लागते. पट्टाविरहित उपकरणांना ही कसोटी अपुरी पडते, याचे कारण वर आलेच आहे. विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आयट्रिपलई (IEEE) संस्थेचे १७०८ हे मानक २०१४ मध्ये, तर अखंड मापन करणाऱ्या उपकरणांसाठीचे आयएसओ ८१०६०-३ हे मानक २०२२ मध्ये आले. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२३ मध्ये सहा चाचण्या सुचवल्या: स्थिर स्थिती, हाताची वेगवेगळी उंची, औषधोपचारानंतरचा बदल, जागेपण व झोप, व्यायाम आणि पुन्हा संदर्भमूल्य देण्यापूर्वीचा काळ. यांतील औषधोपचाराची चाचणी विशेष मोलाची आहे, कारण गोळी सुरू केल्यावर दाब उतरला हे जे उपकरण दाखवू शकत नाही त्याचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला फारसा उपयोग नाही.

उपकरणे व नियमन : पट्ट्यातच हवेची पिशवी असलेल्या ओमरॉनच्या घड्याळाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या अखेरीस मान्यता दिली. हुआवेचे त्याच धर्तीचे घड्याळ २०२१ च्या अखेरीचे. सॅमसंगच्या प्रकाशीय पद्धतीच्या ॲपला दक्षिण कोरियात २०२० मध्ये मान्यता मिळाली; त्यात दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राने संदर्भमूल्य द्यावे लागते. आक्तिया या स्विस कंपनीच्या कड्याला २०२१ मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. ॲपलने २०२५ मध्ये निराळी वाट धरली. तिचे घड्याळ आकडा सांगतच नाही, सुमारे ३० दिवसांच्या नाडीलेखांवरून उच्च रक्तदाबाची शक्यता तेवढी सुचवते. त्याच वर्षी अमेरिकी प्रशासनाने हूप कंपनीला, रक्तदाबाचे अनुमान देणारी सोय हे केवळ आरोग्यसाधन नसून वैद्यकीय उपकरण ठरते, अशी लेखी ताकीद दिली.

वैद्यकीय उपयोग : घरच्या मापनात १३५/८५ मिमी. पारा व त्यावरील सरासरी सामान्यतः उच्च मानतात, दवाखान्यात ही मर्यादा बहुधा १४०/९० धरतात. दवाखान्यातच वाढणारा आणि उलट तेथे सामान्य दिसून एरवी वाढलेला, असे दोन्ही प्रकारचे दाब ओळखण्यासाठी दिवसभराच्या नोंदी उपयुक्त ठरतात. निरोगी माणसाचा दाब झोपेत बहुधा १० ते २० टक्के उतरतो. तो न उतरणे हृदयविकार व पक्षाघात यांच्या वाढत्या धोक्याशी निगडित आहे. दंडाचा पट्टा रात्री वारंवार फुगला की झोप मोडते, म्हणून न फुगणाऱ्या मनगटी उपकरणाचे आकर्षण येथे सर्वाधिक आहे. तथापि युरोपियन सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पट्टाविरहित उपकरणांच्या वाचनांवरून निदान करू नये किंवा औषध बदलू नये. अनियमित नाडी असलेल्या व्यक्तींत प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असल्याने दोन्ही प्रकारांची विश्वसनीयता घटते. गर्भवती व लहान मुले यांच्यासाठी यंत्राची स्वतंत्र पडताळणी आवश्यक मानली जाते.